प्रेमाची खातेवही

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमची पुतणी वसतिगृहातून घरी आली होती. एका रात्री जेवणाच्या टेबलाशी ती अगदी गप्प बसली. आईने कपाळाला हात लावून पाहिला; ताप नव्हता. बरेच आढेवेढे घेतल्यावर ती म्हणाली, "काका, ॲलिस्टर मला सोडून गेला." घरातली सगळी माणसे क्षणभर एकमेकांकडे पाहू लागली. ॲलिस्टर नावाचा तरुण आमच्या धर्मग्रामात कोणाच्याही घरी असू शकतो. तेव्हा सर्वांचा तर्क कोठे धावला असेल, हे सांगणे न लगे. हा ॲलिस्टर एका संगणकीय खेळातले पात्र आहे, असे कळल्यावर आईने सुटकेचा निःश्वास सोडला आणि वाढायला घेतले. आम्हीही हसून विषय सोडून दिला असता. पण पुतणीच्या पुढच्या वाक्याने आमचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "मी एका माणसाला क्षमा केली, म्हणून तो गेला."

क्षमा केल्यामुळे प्रेम गमवावे लागते, अशी कथा ज्या कोणी लिहिली असेल, तो सामान्य लेखक नसावा, असे आम्हांला वाटले. सुट्टीचे उरलेले दिवस आम्ही तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि पुढेही या प्रकारचे तीन-चार खेळ पाहिले, काही स्वतः खेळलो. या त्रैमासिकाच्या पानांवर कथा, कादंबरी, नाटक यांची चर्चा नेहमीच होते. घराघरांतील तरुण मुले ज्या कथांत शे-दीडशे तास रमतात, त्यांचीही कधीतरी वाङ्मय म्हणून दखल घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अगत्याचे आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचे, एकाने गोष्ट सांगायची आणि संकटाच्या वेळी फासे टाकायचे. हीच रीत पुढे संगणकावर आली. तेथे गोष्ट सांगणारा माणूस समोर नसतो; त्याने आपली सारी वाक्ये आधीच लिहून ठेवलेली असतात. नायक किंवा नायिका आपण व्हायचे. बरोबर काही सोबती असतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. वाटेत त्यांच्याशी बोलणे होते आणि दर वेळी पडद्यावर तीन-चार उत्तरे येतात. त्यांतले एक आपण निवडायचे. कादंबरीतील नायिका विहिरीकडे निघाली, तर वाचकाला तिचा पदर धरता येत नाही. येथे तो धरता येतो, निदान तसा भास तरी होतो. या सोबत्यांपैकी एखाद्याशी नायकाचे प्रेम जुळू शकते, आणि आम्हांला बोलायचे आहे ते या प्रेमकथांविषयी.

कॅनडातील एडमंटन शहरात बायोवेअर नावाची कंपनी आहे. तिने २००० साली 'बॉल्डर्स गेट'चा दुसरा भाग काढला आणि पुढील सर्व प्रेमकथांचा पाया घातला. त्यात नायकासाठी तीन स्त्रिया आणि नायिकेसाठी एकच पुरुष, अशी वाटणी होती. त्या काळी मुली असले खेळ खेळत असतील, यावर लेखकांचा फारसा विश्वास नसावा. त्या तिघींतील जहीरा आमच्या लक्षात राहिली. नायकाला वाढवणाऱ्या गोरियनची ती मैत्रीण. म्हणजे नायकावर तिची नजर आधी पालकाची. खेळ सुरू होतो तो एका तळघरातील बंदिवासात, आणि तेथेच तिला आपल्या पतीचे, खालिदचे, छिन्नविच्छिन्न प्रेत दिसते. पुढील प्रवासात ती मध्येच बोलू लागते, मध्येच गप्प होते. नायकाविषयी काही वाटू लागले, की तिला स्वतःचीच लाज वाटते. आपण एखादे उतावीळ उत्तर निवडले, तर तो धागा तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. वैधव्याच्या दुःखाला लागणारा वेळ तेथे खरोखरच दिलेला आहे. नायकाने कितीही राक्षस मारले, तरी तो वेळ कमी होत नाही.

यानंतर मात्र खातेवही आली.

२००९ साली याच कंपनीने 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' काढला. पुतणी खेळत होती तो हाच. त्यात प्रत्येक सोबत्याच्या नावापुढे पसंतीचा आकडा असतो: उणे शंभरापासून अधिक शंभरापर्यंत. त्याला रुचेल असे उत्तर दिले, की आकडा चढतो. रुचले नाही, की उतरतो. शिवाय भेटवस्तू असतात. बाजारातून दागिना आणावा, रात्रीच्या तळावर तो मॉरिगन नावाच्या चेटकिणीच्या हाती ठेवावा, आकडा वर. दुसरा आणावा, आणखी वर. काल हिचे ज्यावरून भांडण झाले, ते आज चार दागिन्यांत मिटते. कंपनीने २०१० साली सणाच्या भेटींचा एक वेगळा संच खऱ्या पैशांना विकला. त्यातील वस्तू दिल्या, की पसंती भराभर वाढे. आता याला प्रेम म्हणावे की मुदत ठेव, हे ज्याचे त्याने ठरवावे. बाजारात बसणारा सावकारसुद्धा इतक्या उघडपणे हिशेब मांडत नाही.

यातील खरा दोष पैशाचा नाही. अशा रचनेत समोरच्या पात्राला मनच उरत नाही, हे खरे दुखणे आहे. योग्य नाणी योग्य क्रमाने टाकली, की होकार बाहेर पडणारच असेल, तर त्या होकाराची किंमत काय? आपल्याकडे विवाहाच्या विधीत वर-वधूंना पहिला प्रश्न विचारला जातो तो स्वेच्छेचा: कोणाच्या दडपणाखाली तर आला नाहीत ना? चर्चच्या कायद्यानुसार ती संमती नसेल, तर विवाहच होत नाही, आणि ती दुसऱ्या कोणालाही त्यांच्या वतीने देता येत नाही. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याचे 'होय' पोकळ असते, हे आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक होते. या खेळांतील बहुसंख्य प्रेमकथा याच ठिकाणी फसतात. एक प्रणयप्रसंग बक्षिसासारखा शेवटी ठेवलेला असतो, आणि तो पार पडला, की पात्राला बोलायला फारसे काही उरत नाही. ज्या दिवसापासून खरा संसार सुरू व्हायचा, त्याच दिवशी लेखकाची शाई संपते.

तरीही 'ओरिजिन्स'ला आम्ही वाईट म्हणणार नाही. त्यातील प्रमुख लेखक डेव्हिड गेडर यांनी ॲलिस्टर आणि मॉरिगन ही दोन्ही पात्रे लिहिली, आणि आपल्याच खातेवहीला त्यांनी जागोजागी छेद दिला आहे. मॉरिगनने लहानपणी एका श्रीमंत बाईचा सोनेरी आरसा चोरला होता. तिच्या आईने तो तिच्यादेखत फोडला. ती हे कधीतरी सांगून जाते. नंतर तसा आरसा मिळाला आणि तो तिला दिला, तर ही तिखट जिभेची बाई अडखळते. आपल्याला कोणी काही द्यावे, आणि तेही बदल्यात काही न मागता, याचा अर्थ तिला लावता येत नाही. ॲलिस्टरची गोष्टही अशीच. तो राजाचा अनौरस मुलगा. एका सरदाराच्या तबेल्याच्या आसऱ्याने वाढला आणि दहाव्या वर्षी मठात पाठवला गेला. जाताना रागाच्या भरात त्याने आईचे एकुलते एक पदक भिंतीवर आपटून फोडले होते. नायिकेला ते सरदाराच्या मेजाच्या खणात सापडते, तुकडे जोडून जपून ठेवलेले. म्हातारा सरदार आपल्याला इतका जीव लावत होता, हे त्या पोराला तेव्हा कळते. या भेटीनेही आकडा चढतोच; पण त्या क्षणी आकड्याकडे लक्ष कोणाचे जाते?

आता त्या रात्रीच्या जेवणाकडे परत येऊ. कथेच्या आरंभी मोठी लढाई होते. राजाचा सासरा लोगेन हा थोर सेनापती ऐन वेळी आपले सैन्य मागे घेतो. राजा मरतो आणि त्याच्याबरोबर ग्रे वॉर्डन या वीरपंथाचे सगळे लोक मरतात. उरतात फक्त दोघे, नायिका आणि ॲलिस्टर. मेलेल्यांत डंकन असतो. तबेल्यात वाढलेल्या, मठात गुदमरलेल्या त्या मुलाला बापाची माया लावणारा एकटा माणूस तो. कथा पुढे सरकते आणि अखेर सरदारांच्या सभेत लोगेनचा पराभव होतो. तो गुडघ्यावर येतो. तेव्हा एक वयस्क वॉर्डन सुचवतो: याला मारू नका, आपल्या पंथात घ्या. पंथाचा दीक्षाविधी प्राणघातक असतो. त्यातून जगला तर एक उत्तम योद्धा मिळेल, आणि समोर जे संकट आहे, त्यासाठी माणसे हवीतच. निर्णय नायिकेने करायचा.

पुतणीने त्याला जीवदान दिले. ती म्हणाली, "काका, गुडघ्यावर आलेल्या माणसाला मारायला मला हात उचलवेना." आम्ही तिच्या जागी असतो, तर तेच केले असते. लहानपणापासून तिला जे शिकवले, त्याला धरूनच तिने केले. आणि ॲलिस्टर तेथून निघाला. ज्या पंथात डंकनने त्याला मानाने घेतले, त्याच पंथात डंकनच्या मारेकऱ्याला मानाने घ्यायचे, हे त्याला सोसवले नाही. पसंतीचा आकडा शंभर होता. तिने दिलेल्या सगळ्या वस्तू त्याच्यापाशी होत्या. एकही उत्तर असे नव्हते, जे निवडले असता तो थांबला असता. तिने सगळी वाचून पाहिली. लोगेनची मुलगी अनोरा राणी झाली, आणि गादीचा दुसरा वारस म्हणून ॲलिस्टरचा शिरच्छेद होऊ घातला, तेव्हा पुतणीने रदबदली करून त्याचा जीव तेवढा वाचवला. तो देशोधडीला लागला.

आम्ही या प्रसंगावर बराच विचार केला. प्रथम वाटले, लेखकाने दयेला शिक्षा ठोठावली आहे. यात क्षमेचा उपहास आहे. पुढे लक्षात आले, की प्रश्न त्याहून खोल आहे. लोगेनने डंकनला मृत्यूच्या तोंडी दिले होते, आणि त्या मृत्यूचा घाव ॲलिस्टरच्या काळजावर होता. मग ती क्षमा करण्याचा अधिकार नायिकेला कोणी दिला? तिला स्वतःवरच्या अन्यायाची क्षमा करता आली असती. दुसऱ्याच्या जखमेची क्षमा, त्याला न विचारता, भरसभेत, आणि त्यातही सैन्याला उपयोग आहे म्हणून, ही क्षमा होते की सोय? आमच्या परिचयात अशी कुटुंबे आहेत, जेथे जमिनीच्या तंट्यात एका भावाने 'आता सोडून द्या' म्हणून समेट केला, आणि ज्याचे खरोखर गेले होते, तो दुसरा भाऊ आयुष्यभर घरी आला नाही. लोकांनी त्या दुसऱ्याला आडमुठा म्हटले. आम्हीही म्हटले होते. ॲलिस्टरचे जाणे पाहिल्यावर तो शब्द आम्हांला परत घ्यावासा वाटला.

याचा अर्थ ॲलिस्टर बरोबर आणि पुतणी चूक, असा आम्ही लावत नाही. लेखकही लावत नाही, आणि हेच त्याचे मोठेपण. पात्राला स्वतःची निष्ठा दिली आणि ती नायिकेवरील प्रेमाहून मोठी असू शकते, एवढे कबूल केले, की खातेवही आपोआप मिटते. याच खेळात दुसऱ्या वाटेने गेल्यास उलटेही घडते. तो नायिकेच्या प्रेमात असेल आणि अखेरच्या युद्धात तिच्याबरोबर असेल, तर ज्या घावाने मारणारा मरणार हे ठरलेले आहे, तो घाव स्वतः घालायला तो तिच्या पुढे धावतो आणि तिला विचारतसुद्धा नाही. शंभर तास सगळे निर्णय खेळाडूने घेतले; शेवटचा त्याच्या हातून काढून घेतला. काही खेळाडूंना हा अन्याय वाटेल. आम्हांला मात्र तो या कथेतील सर्वांत खरा प्रेमप्रसंग वाटतो.

लेलियाना या सोबतिणीचा उल्लेख येथे करायला हवा. तिची लेखिका शेरिल ची. ही मठाच्या आश्रयाला आलेली भाविक स्त्री. कथेत अँड्रास्टे या संत स्त्रीच्या पवित्र अस्थींचा शोध घ्यावा लागतो, आणि एक पाखंडी पुढारी नायकाला सामर्थ्याचे आमिष दाखवून त्या अस्थी भ्रष्ट करायला सांगतो. नायकाने ते केले आणि लेलियाना तेथे असली, तर सहसा ती त्याच्यावर शस्त्र उपसते, मग कालपर्यंत दोघांत काहीही असो. पवित्र अवशेषांपुढे मेणबत्ती लावून वाढलेल्या आपल्या वाचकांना तिचे मन समजावून सांगायला नको. २०११ च्या 'ड्रॅगन एज २' मध्ये हीच कल्पना अधिक भयंकर रूपात येते: अँडर्स नावाचा जादूगार आपल्या प्रेमाच्या माणसापासून लपवून अख्खे प्रार्थनामंदिर आतल्या माणसांसह उडवून देतो. त्याला कितीही जीव लावलेला असो, तो थांबत नाही. या खेळाचे बाकीचे लेखन घाईचे आहे, पण हा घाव विसरता येत नाही.

सध्या ज्याचा सर्वत्र बोलबाला आहे, तो 'बॉल्डर्स गेट ३' बेल्जियममधील गेंट येथील लॅरियन या कंपनीने २०२३ साली काढला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून त्याचा गौरवही झाला. आधीच सांगून ठेवतो, हा काय किंवा 'ओरिजिन्स' काय, दोन्ही प्रौढांसाठी आहेत; युरोपात त्यांच्यावर अठरा वर्षांचा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. लहान मुलांच्या हाती देण्याची ही वस्तू नव्हे. 'बॉल्डर्स गेट ३' मधील प्रणयाचा उतावळेपणा आम्हांला खटकला. आरंभी तर दोन गोड शब्द बोलताच सोबती गळ्यात पडत. आकड्यांची मर्यादा चुकून खाली राहिली होती, अशी कबुली कंपनीचे प्रमुख स्वेन विन्के यांनी पुढे दिली. खातेवहीवर चालणाऱ्या प्रेमाची याहून मार्मिक टीका आम्हांला करता आली नसती.

आणि तरी त्याच खेळात ॲस्टारियन आहे. हा रक्तपिपासू पिशाच्चाचा दास. दोनशे वर्षे मालकाच्या हुकमाने त्याने आपले रूप आणि लाघव वापरून माणसे जाळ्यात ओढून आणली. नायिकेलाही तो पहिल्या काही रात्रींतच मोहात पाडतो. वाचकाला वाटते, झाले, आली ती स्वस्त प्रेमकथा. पुढे, निम्मी कथा उलटल्यावर, तो कबूल करतो की ते सगळे ठरवून केले होते. संरक्षण हवे होते आणि दुसरी कोणतीही रीत त्याला येत नव्हती. जो प्रसंग इतर खेळांत बक्षीस असतो, तो येथे जखमेचे लक्षण निघतो. लेखक स्टीफन रूनी यांची ही उलथापालथ आम्हांला थक्क करून गेली. त्या कबुलीनंतर त्याच्या जवळ राहायचे, तर काही न मागता राहावे लागते. शेवटी त्याच्यापुढे मोह येतो: सात हजार जिवांचा बळी देऊन मालकाहून बलाढ्य होण्याचा. नायिका त्याला परावृत्त करू शकते. तिने त्याला मदत केली, तर तो तिला सोडत नाही. पण मालक जसा त्याच्याशी बोलत असे, तसा तो तिच्याशी बोलू लागतो. नील न्यूबॉन यांच्या आवाजातील तो बदल अंगावर काटा आणतो.

आमची जुनी जहीराही या खेळात भेटते. मधे शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. ती अर्धमानव असल्याने जिवंत आहे, केस पिकले आहेत, शहरात तिचे घर आहे आणि घरात दत्तक घेतलेली मुले आहेत. ती नायकाबरोबर लढते, त्याची टिंगल करते, त्याला शहाणपण शिकवते. तिच्याशी प्रेम जुळवण्याचा पर्याय लेखकांनी ठेवलेलाच नाही. तिच्या नावापुढेही पसंतीचा आकडा आहे. तो हवा तेवढा चढवावा.

एक आक्षेप उरतो आणि तो लहान नाही. या खेळांत कोणत्याही टप्प्यावर आपली जागा राखून ठेवता येते आणि निर्णय अंगाशी आला, की मागे जाऊन दुसरे उत्तर निवडता येते. मग निवडीला अर्थ काय? आम्ही पुतणीला हेच विचारले. सभेच्या आदल्या रात्रीची जागा तिच्या संगणकात होतीच. दोन मिनिटांत लोगेन मेला असता आणि ॲलिस्टर परत आला असता. तिने दोन दिवस ती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "परत जाऊन त्याला मारलं, तर ते मी मारलेलं असेल ना, काका? आधी माहीत नव्हतं म्हणून सोडलं; आता माहीत असून मारायचं." मग ती ॲलिस्टरविनाच पुढे गेली. शेवटचा घाव लोगेनने घातला आणि तो मेला. तिने गाठ पडल्यापासून त्याच्याशी एकही सलगीचे वाक्य निवडले नव्हते.

ईस्टरला ती आली, तेव्हा दुसरा भाग खेळत होती. त्यात आधीच्या भागातील निर्णय आपोआप पुढे येतात. पण नायिका निराळी असते, शहर निराळे असते. त्या शहरात एक गुत्ता आहे. तेथे एका टेबलाशी दारूत बुडालेला माणूस, आपण एके काळी कोण होतो, हे बरळत बसला होता. पुतणीने त्याला आवाजावरून ओळखले. ती त्याच्याजवळ गेली. पण तिची आताची नायिका त्याला कधी भेटलेली नव्हती. तिला सांगायचे होते त्यातले एकही वाक्य पडद्यावर आले नाही. थोडा वेळ ती तेथेच उभी राहिली आणि मग गुत्त्याच्या दाराकडे वळली.